पितृपक्षात लावलेला निशिगंध

भाविकहो, खैरसांगवी गावी ओढ्याकाठच्या मठीत अंबुजी महाराज राहत असत. महाराज फार दयाळू. पण ते कधी चिडत नसत, असे खोटे मी कशाला सांगू? आमच्यासारख्या भक्तांपुढे देवही वैतागेल!

त्या गावी नवरात्रात देवीच्या घटावर रोज एक माळ चढे. नवव्या माळेचा मान सगुणाबाई फुलमाळणीच्या घराण्याचा. अट एवढीच, की फुले स्वतःच्या वाफ्यातली हवीत आणि माळ एकदाही चुकता कामा नये. चुकली, की मान दुसऱ्या घरी! बाई विधवा, एकटी. ही सेवा हेच तिचे सारे वैभव.

त्या वर्षी निशिगंध लावायच्या दिवसांत ती तापाने अंथरुणाला खिळली आणि घरचे कंद कुजून गेले. उठून बाजारात गेली तेव्हा श्रावण सरत आला होता. पाटीच्या तळाशी उरलेले, सुरकुतलेले कंद तेवढे मिळाले. वाटेत रंगराव बागाईतदार भेटला. त्याचा निशिगंध वैशाखातच लागलेला, शिवाय त्या मानावर डोळा.

"हे कंद की कांदे गं?" तो हसला. "भाजी कर यांची. माळेचं आम्ही बघतो."

बाईने घरी जाऊन लगेच कंद लावायचे की नाही? छे! ती सल्ला विचारत आळीभर फिरली. कोणी म्हणाले, अमावास्या होऊ दे. कोणी म्हणाले, गणपती उठू देत. महाराज भिक्षेला आले, की विचारत, "लावलेस का कंद?"

"सोमवारी लावते, महाराज."

असे दोन सोमवार गेले. गाठोड्यातल्या गाठोड्यात कंदांना बोटबोट कोंब आले. मग लागला पितृपक्ष. तिसऱ्या दिवशी महाराज दारात उभे राहिले, तर बाई म्हणते, "आता पंधरवडाभर नवं काही करायचं नाही ना, महाराज!"

महाराजांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, त्या कंदानं कोंब काढताना तुला विचारलं का? उशिरा आणलास तो आणलास, वर शिंक्यावर टांगून वाळवतेस! आण ते खुरपं!"

आणि महाराज स्वतः वाफ्यात उतरले. दोन बोटे खोल, कोंब वर ठेवून त्यांनी एकेक कंद लावला. सारी आळी कुंपणाशी जमून हळहळत होती. निशिगंधाला फुलायला तीन महिने तरी लागतात, आणि नवमीला उरले होते एकवीस दिवस!

घट बसले, माळा चढू लागल्या. अष्टमीची सकाळ उजाडली तरी वाफ्यात नुसती हिरवी पात. रंगराव येऊन म्हणाला, "पातीचीच माळ घाल देवीला!" बाई रडत मठीत धावली. "महाराज, माझी सेवा बुडाली हो!"

"पाणी घातलंस?"

"नाही. चार दिवस देवळातच बसून धावा करतेय."

"धन्य आहेस! देवी काय तुझ्या वाफ्याला पाणी घालायला येणार आहे?" असे ओरडत महाराज आपला तांब्या घेऊन निघाले. वाफ्याला पाणी देता देता पुटपुटत होते, "आई, ही वेडी आहे. पण तुझी आहे. सांभाळ हिला."

नवमीला सूर्य उगवला आणि काय सांगू! पातीतून कमरेएवढे दांडे उभे राहिलेले, फुलांनी लगडलेले! अहाहा, सारी आळी घमघमत होती. बाई हुंदके देत फुले खुडू लागली.

रंगराव धावत आला. "लबाडी! कोणाची तरी झाडं आणून खोचलीत!" म्हणत त्याने एक झाड मुळासकट उपटले. खाली तोच सुरकुतलेला कंद होता, चहूबाजूंनी पांढरी मुळे फुटलेला. रंगरावाने ते झाड तिथेच टाकले. सगुणाबाईने मात्र त्याच्याकडे पाहिलेही नाही. ओंजळी भरून ती माळ ओवायला आत गेली.

एवढ्यात महाराज भिक्षेला आले. रंगरावाने त्यांच्या पायांवर डोके ठेवले. "चुकलो, महाराज. क्षमा करा."

"पाया नंतर पड रे!" महाराज कडाडले. "ते उपटलेलं झाड उन्हात मरतंय, ते आधी लाव!"

तीन एकरांचा तो धनी गुडघ्यांवर बसला, हातांनी माती उकरून त्याने ते झाड लावले आणि तिथेच सगुणाबाईच्या वाफ्याला डोके टेकले.