तांबटांची आळी आणि नदीवरचं चाक

कुठल्या राजाचं राज्य होतं हेही आता कुणाला आठवत नाही, इतक्या जुन्या काळी एका नगरात तांबटांची आळी होती. तिथे एक जण पत्रा ठोकून भांडं घडवी, दुसरा जोड देई, तिसरा कल्हई करी. आळीची रीत अशी, की मुलाने आधी शेजाऱ्याच्या भट्टीवर शिकायचं, मग घरच्या. त्यामुळे सगळ्यांना सगळ्यांचं काम येई. पोट मात्र ज्याचं त्याच्या कामावर चाले.

एकदा राजाने नदीवर पाण्याने फिरणारं मोठं चाक बसवलं. प्रधानाने तिघांना एकेकटं बोलावून घेतलं.

"चाकाला एकच काम द्यायचंय," तो गोडीने म्हणाला. "बाकी दोघांचं काम उलट वाढेल. बोल, कुणाचं देऊ?"

ठोकणारा घाबरला. घरात खाणारी तोंडं बरीच होती. "जोडणाऱ्याचं द्या, सरकार," तो म्हणाला. "त्यात काय अवघड आहे? मी दाखवतो की." आणि ज्या शेजाऱ्याच्या घरी जेवून-खाऊन तो शिकला होता, त्याची सगळी खुबी त्याने प्रधानाच्या माणसांना दाखवली.

जोडणाऱ्याने कल्हईवाल्याचं काम दाखवलं. कल्हईवाल्याने ठोकणाऱ्याचं. परत येताना त्यांनी एकमेकांना नेहमीसारखा रामराम केला, हे मला सगळ्यात वाईट वाटतं.

पावसाळा सरता सरता चाक तिन्ही कामं करू लागलं. भांडी स्वस्त झाली. लोकांनी राजाचा जयजयकार केला आणि आळीतल्या भट्ट्या विझल्या.

वेशीबाहेरच्या दगडाच्या खाणीवर तिघे पुन्हा भेटले. ठोकणारा धुमसत होता. "माझं काम चाकाला कुणी शिकवलं, ते एकदा कळू दे."

"मी," कल्हईवाला म्हणाला. "आणि माझं?"

"मी," जोडणारा म्हणाला आणि त्याने ठोकणाऱ्याकडे पाहिलं. ठोकणाऱ्याने मान खाली घातली.

मग जोडणारा म्हणाला, "आपण तिघं गप्प बसलो असतो, तर प्रधान काय करणार होता? त्याला कुठे काय येत होतं?"

तेवढ्यात मुकादमाने हाक मारली. तिघे उठले. त्यांची मुलं केव्हाच खडी फोडायला बसली होती.

बोध एवढाच, की आपली भाकरी वाचावी म्हणून जो शेजाऱ्याची भाकरी पुढे करतो, त्याची भाकरी दुसऱ्या शेजाऱ्याने आधीच देऊन टाकलेली असते.