‘नक्की ना?’ विचारणारा कॉम्प्युटर

वाघजाईवाडीच्या दूध संघात विंडोजची जुनी ‘व्हिस्टा’ आवृत्ती असलेला एक कॉम्प्युटर होता. त्याला शिव्या घातल्याशिवाय तिथे कुणाचा दिवस सुरू होत नसे. जरा काही बदलायला जावं, की पडदा काळवंडायचा आणि तो विचारायचा, ‘हे नक्की करायचं आहे ना?’

एकदा त्यानं अध्यक्ष रावसाहेब निकमांनाही तेच विचारलं. रावसाहेब भर बैठकीत कडाडले, "मी अध्यक्ष! मला विचारणारा हा कोण? उद्याच भंगारात घाला."

सगळ्या संचालकांनी माना डोलावल्या. ऑफिस सांभाळणाऱ्या हेमलताबाईंची मान तेवढी हलली नाही.

"का हो बाई, या डबड्यात एक तरी गुण आहे का? असला तर सांगा, ठेवतो," रावसाहेब म्हणाले.

बाईंनी शांतपणे खिडकीबाहेर बोट दाखवलं. फाटकावर रावसाहेबांनी वडिलांच्या नावाची कमान बांधून घेतली होती. ती इतकी ठेंगणी, की संघाचाच टँकर आत येईना. तो रस्त्यावर उभा होता आणि माणसं दुधाचे कॅन तिथवर वाहून घामाघूम झाली होती.

"साहेब, या कमानीचा नकाशा तुम्ही दाखवलात, तेव्हा आम्ही सगळे ‘वा वा’ म्हणालो. तुम्हाला ‘नक्की ना?’ विचारायची हिंमत या ऑफिसात फक्त त्या डबड्याला आहे."

रावसाहेबांनी उठून खिडकीतून कमानीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पाडू या का?"

सगळ्या माना पुन्हा एकदम डोलल्या.

रावसाहेबांनी त्या मानांकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "बाई, तो कॉम्प्युटर राहू द्या. आणि पुढच्या बैठकीला इथे माझ्यासमोर आणून ठेवा."