खापरीतले विरजण

त्या उन्हाळ्यात केवळगीर महाराजांचा मुक्काम पिंपळसोंड गावी, ओढ्याकाठच्या मठात होता. महाराजांना पक्वान्नांचे कौतुक नव्हते. सरसा गवळण रोज मडकेभर ताक आणी. महाराज ते आल्यागेल्या आजाऱ्यांना पाजत आणि उरलेले घोटभर स्वतः घेत. "माय, तुझ्या ताकानं पोटातली आग निवते," असे म्हणत. एवढ्यावर ती भोळी बाई भरून पावे.

हे भागीरथीबाई इनामदारीण यांना फार खुपे. आपल्या दावणीला बारा गाई, आणि महाराजांना गोडी एका गवळणीच्या ताकाची! एके दिवशी त्या आटीव बासुंदीचे पातेले घेऊन मठात आल्या. दारातच सरसा मडके ठेवून बसली होती.

"पाण्याला दही दाखवून आणतेस, आणि ते महाराजांच्या पुढ्यात ठेवतेस?" असे म्हणत बाईंनी मडके पायाने बाजूला सारले. ते कलंडले आणि दगडावर आपटून फुटले.

सरसा तुकडे वेचू लागली. लग्नात आईने दिलेले मडके ते. तीस वर्षे त्यात दही लागत होते, विरजण त्याच्या अंगातच मुरले होते. महाराजांनी एक खापरी उचलली, तिच्या खोलगटात राहिलेले ताक प्राशन केले आणि ती सरसाच्या हाती दिली. "जपून ठेव, माय." बासुंदीला त्यांनी बोटही लावले नाही. भागीरथीबाई फणकाऱ्याने घरी गेल्या.

पुढे महिनाही लोटला नसेल, बाईंची एकुलती लेक वेणू जुलाबांनी अंथरुणाला खिळली. अन्न अंगी लागेना. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. वैद्यबुवा म्हणाले, "दूध, बासुंदी आता बंद. तिला ते जड पडतं. लोणी काढलेलं ताजं ताक द्या, बाईसाहेब. त्यानंच पोट सावरेल. ते ठरलं नाही, तर माझा इलाज संपला."

ताकच ते! पण काय सांगावे, त्या घरात दही लागेना. चार घरची विरजणे आणली. कधी दुधाला तार सुटे, कधी वास येई. शेजारचे ताक पाजले तर वेणूला उलटी होई. तिचे खोल गेलेले डोळे पाहताना बाईंना वारंवार दगडावर फुटणारे मडके दिसे. आपण पाय लावला नसता तर! अखेर त्या मठात धावल्या.

महाराज शांतपणे म्हणाले, "जे लाथाडलंस, तेच मागून आण."

बाई सरसाच्या दारी पोचल्या तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. मान खाली घालून त्या म्हणाल्या, "सरसाबाई, थोडं विरजण द्याल का?"

सरसा म्हणाली, "दिवे लागल्यावर विरजण देत नाहीत, बाईसाहेब. घरची बरकत जाते म्हणतात." मग आत जाऊन तिने कोनाड्यातली खापरी आणली. "पण पोरीचा जीव मोठा. न्या. महाराजांचं तोंड लागलंय हिला."

खापरी कोरडी ठणठणीत होती. बाईंनी ती कोमट दुधात ठेवली आणि हात जोडले. सकाळी पाहतात तो सुरीने कापावे असे दही! धन्य ती महाराजांची करुणा! त्याचे ताक वेणूच्या पोटात ठरले. आठवड्याने ती ताकभात मागू लागली, पंधरवड्याने उठून अंगणात आली.

बाई लखलखीत पितळी घागर आणि खापरी घेऊन मठात आल्या आणि महाराजांच्या पायांवर कोसळल्या. महाराज म्हणाले, "माझं काय फुटलं होतं?"

बाई उठल्या. कोपऱ्यात बसलेल्या सरसापुढे त्यांनी खापरी आणि घागर ठेवली. "तुमच्या मडक्याच्या बदल्यात घ्या, सरसाबाई."

सरसाने घागरीवरून हात फिरवला आणि ती हळूच मागे सरकवली. "पितळेत दही कळकतं, बाईसाहेब." मग खापरी पदराने पुसत ती म्हणाली, "आईच्या हातचं एवढंच होतं हो माझ्याकडे."

इनामदारांच्या घरचा तो ताठ माथा गवळणीच्या भेगाळलेल्या पायांवर टेकला, आणि सरसाने "उठा, उठा" म्हटले तरी कितीतरी वेळ उठला नाही.