सोळावी पउडी

"पण तुम्ही पाठ म्हणता, हे कळायचं कसं, बाबाजी? ओठ तर हलत नाहीत तुमचे."

बाबा मेहताबसिंगांनी कढई चुलीवर चढवली, तिच्यात तूप ओतलं आणि मगच मान वर केली.

"कळायचंय कुणाला?"

सुरजनसिंगानं नजर जाळाकडे वळवली. खरं उत्तर होतं, गुरुद्वाऱ्याचा कारभार बघणाऱ्या प्रधानजींना. पण ते तोंडावर सांगायची सोय नव्हती.

नांदेडपासून खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर, वीस-पंचवीस घरांच्या शीख वस्तीचा हा लहानसा गुरुद्वारा. संगतीला, म्हणजे जमलेल्या भाविकांना, वाटायचा कडाह प्रसाद इथं रोज सकाळी ताजा व्हायचा. कणीक, तूप, साखर, तिन्ही सारख्या मापानं. आणि एक रीत होती. कढईपाशी बसेल त्यानं सकाळचा पाठ म्हणत म्हणतच प्रसाद करायचा. पाठाच्या अडतीस पउड्या, म्हणजे अडतीस कडवी. आठवी संपली की तुपात पीठ, तिसावी संपली की साखरेचं पाणी. स्वयंपाकघरात घड्याळ कधी लागलंच नाही.

चाळीस वर्षं बाबाजी हा पाठ खणखणीत म्हणत आले. गेल्या थंडीत त्यांना मोठा ताप आला. तापातून उठले, पुन्हा कढईपाशी बसले, पण तोंड मिटलेलं ते मिटलेलंच. विचारलं तर म्हणायचे, "आत चालू आहे."

आत चालू आहे! आतलं कुणी बघितलंय?

तेव्हापासून सुरजनसिंगाच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. तो बाबाजींचाच शिष्य. बाणी, म्हणजे गुरूंची वचनं, त्यांच्याकडूनच शिकलेला, आणि आवाज असा, की तो रोज सकाळी बाहेरच्या ओट्यावर बसून पाठ म्हणायला लागला की नदीवर आंघोळीला उतरलेली माणसं थांबून ऐकत. लोक तसं बोलून दाखवत, आणि तोही ते विसरत नसे.

काल संध्याकाळी प्रधान लहोरासिंगांनी त्याला बाजूला घेतलं होतं.

"म्हातारा पाठ विसरला, असं लोक बोलायलेत. पाठाशिवाय केला तर तो प्रसाद कसला, नुसता शिरा. तू उद्या जवळ बस. डोळ्यांत तेल घालून बघ. खरं निघालं तर उद्यापासून कढई तुझी."

कढई तुझी. सुरजनसिंगाला रात्री दोनदा जाग आली, ती याच दोन शब्दांनी.

म्हणून आज तो ओट्यावर न बसता आत, चुलीच्या समोर येऊन बसला होता. धुरानं डोळ्यांत पाणी येत होतं. तरी नजर हलवत नव्हता.

"आज आत कसा?" बाबाजींनी विचारलं.

"बाहेर गार लागतं."

चैत्राचा महिना होता. बाबाजींनी नुसता जाळ सारखा केला.

"मोठ्यानं म्हणावं, बाबाजी," सुरजनसिंगानं पुन्हा धागा पकडला. "मनात म्हणणारा माणूस मनातल्या मनात गावभर हिंडून येतो. त्याला कोण अडवणार? मोठ्यानं म्हणणाऱ्याचं तसं नाही. एक शब्द चुकला तर दहा जणांना कळतो."

"दहा जण ऐकत असले तर…"

"ऐकतात की! माझा पाठ सगळी वस्ती ऐकते."

"हं," बाबाजी म्हणाले. "मग कर सुरू. तूप तापलं."

सुरजनसिंगानं सुरुवात केली. आवाज असा लागला की कोपऱ्यातल्या पितळी बादलीत घुमला. बाबाजींचे ओठ बंद. पांढऱ्या दाढीचा एक केसही हलत नव्हता.

आठवी पउडी संपली. बाबाजींनी परात उचलून पीठ तुपात सोडलं.

'चाळीस वर्षांचा हात आहे,' सुरजनसिंगाला वाटलं. 'नाकानंच कळत असेल. त्याला पाठ कशाला लागतो?'

बारावी. तेरावी. उलथनं कढईच्या बुडाशी एका लयीत खरवडत होतं. तो ओठ बघत होता. गळ्याची घाटी बघत होता, मनात म्हणणाऱ्याची घाटी तरी हलते म्हणतात. हलली का? की नुसता आवंढा गिळला?

मध्येच बाबाजींचा हात थांबला. उलथनं पिठात तसंच उभं राहिलं… आणि क्षणभरानं पुन्हा फिरायला लागलं.

'डुलकी!' सुरजनसिंग पुढं सरकला. 'पाठ कसला, म्हातारा पेंगतोय.'

त्याला वाईट वाटायला हवं होतं. याच हातांनी त्याला पहिली पगडी बांधली होती. पण खरं सांगायचं तर त्याला आनंदच झाला, आणि आवाज आणखी चढला. त्या आवाजाच्या भरात त्याला शेवटची युक्ती सुचली. आपण एकदम थांबायचं. बाबाजींचा आतला पाठ खरा असेल तर आपल्या थांबण्यानं त्यांना काय फरक पडणार? हात चालूच राहील. आणि नाही राहिला तर…

तो एका ओळीच्या मधोमध थांबला.

उलथनं थांबलं.

चुलीत लाकूड तडकलं. बाहेर अंगणात कुणीतरी बादली खाली ठेवली. बाबाजी मान किंचित वाकडी करून, डोळे मिटून बसले होते. हात जागच्या जागी.

"सापडलात, बाबाजी!" सुरजनसिंग गुडघ्यांवर उठला. "मी थांबलो तसे तुम्हीही थांबलात. तुम्ही पाठ करतच नव्हता!"

"नव्हतो," बाबाजी म्हणाले.

इतकं सरळ उत्तर येईल, असं त्याला वाटलं नव्हतं. हातातलं हत्यार कुणी अलगद काढून घ्यावं तसा तो बावचळला.

"मग… मग काय करत होता?"

"ऐकत होतो."

दारात सावली पडली. प्रधानजी आले होते. रोजचा आवाज मध्येच तुटला, ते त्यांना अंगणात जाणवलं होतं.

"काय झालं? बाणी का बंद पडली?" त्यांनी आधी बाबाजींकडे, मग सुरजनसिंगाकडे पाहिलं. भुवई उडवून विचारलं, काय निघालं?

सुरजनसिंगानं तोंड उघडलं. एक वाक्य बोललं की झालं. खोटंही नव्हतं ते, बाबाजींनी स्वतःच कबूल केलं होतं.

"ते सांगेल तो," बाबाजी म्हणाले. "आधी त्याला विचारा, कुठं थांबला?"

"म्हणजे?"

"कितव्या पउडीत थांबलास, सुरजन?"

सुरजनसिंग हसला. हा काय प्रश्न झाला? त्यानं आठवायला सुरुवात केली. एकविसावी… नाही. तेविसावी? डोळ्यांपुढे फक्त एक मिटलेलं तोंड आणि पांढरी दाढी येत होती. अलीकडचं काही आठवेना, पलीकडचंही नाही. अर्धी ओळ तोंडात होती, पण ती कुठली, ते हाताला लागेना.

कढईतून खरपूस वास यायला लागला होता.

"चोविसावी," बाबाजी म्हणाले. "अर्धी राहिली. आणि सोळावी तू म्हटलीच नाहीस."

"म्हटली मी!"

"पंधरावीवरून सतरावीवर गेलास. मला वाटलं, मागं फिरशील… म्हणून जरा थांबलो."

पिठात उभं राहिलेलं ते उलथनं सुरजनसिंगाला आठवलं. त्यालाच तर तो डुलकी म्हणाला होता. एवढा मोठा आवाज, नदीपर्यंत गेलेला… आणि एक अख्खी पउडी गळाली, तरी अंगणातल्या कुणाला कळलं नाही. प्रधानजींना नाही. म्हणणाऱ्याला तर नाहीच.

त्याला स्वतःची लाज वाटली. पगडीखाली कानशिलं तापली.

प्रधानजींचा धीर सुटला. "हे काय चाललंय? संगत येऊन बसायली. मला एका शब्दात सांग, सुरजन. यांचा पाठ झाला का नाही?"

सुरजनसिंगानं कढईकडे पाहिलं. काल रात्रीपासून ती त्याची होऊन बसली होती.

"पाठ… अजून व्हायचाय, प्रधानजी," तो म्हणाला.

"कुणाचा?"

सुरजनसिंगानं पुन्हा खाली बसून मांडी नीट घातली. पण तोंड उघडेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला आवाज काढायची भीती वाटली.

बाबाजींनी चुलीतली दोन्ही लाकडं बाहेर ओढली. जाळ बसला. मग त्यांनी उलथनं उचललं, आणि मान पुन्हा तशीच किंचित वाकडी केली.

"सोळावीपासून घे," ते म्हणाले. "आणि मोठ्यानं म्हण… तुला नि मला, दोघांना ऐकू जाईल एवढ्या."