मेनचा खटका

“मग रोज भ्यायचं, आप्पा? जन्मभर?”

कालिंदीने विचारलं तेव्हा रवळू आप्पा रंध्याच्या मशीनसमोर उभे होते. मशीन सुरू करायच्या आधी ते रोज असेच उभे राहायचे. एक मिनिट, कधी दोन.

“जन्मभर असं मी कुठं म्हटलं?”

“काल म्हणालात. पंचेचाळीस वर्षं झाली, अजून पोटात गोळा येतो म्हणालात.”

“येतो.”

“मग?”

“मग काय… येतो.”

कालिंदी हसली. थोडं मोठ्यानेच हसली.

आजऱ्यात रवळू आप्पांचा सुतारकामाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, शेजारी पिठाची गिरणी. आप्पांनी सत्तरी ओलांडली होती आणि दहाही बोटं शाबूत होती. या धंद्यात, या वयात, असं सहसा दिसत नाही. त्यांनी जोडलेलं लाकूड उकलत नाही असं लांबलांबचे लोक सांगायचे.

तेच ऐकून कालिंदी आली होती. मेकॅनिकलचा डिप्लोमा, पुण्याच्या फर्निचर कारखान्यात सहा वर्षं मशीन लावण्याचं काम. आप्पांकडे राहून तिला सात महिने झाले होते. लाकूड ओळखायला ती आप्पांकडून शिकत होती. मशीन मात्र आपल्यालाच जास्त कळतं, अशी तिची खात्री होती.

“ज्याला मशीन कळलं नाही तो भितो,” ती म्हणाली.

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं.

“असेल,” ते म्हणाले, आणि बाहेर लाकडं रचायला गेले.

त्या दिवशीचं काम साधं नव्हतं. गावाबाहेर मुलींचं वसतिगृह आहे. त्याच्या अंगणातला जुना फणस वाऱ्यात पडला होता. मुलींनी हट्ट धरला की त्याच झाडाचं जेवणाचं टेबल करा. झाड मधून पोकळ निघालं. दहा फुटी पाचच फळ्या मिळाल्या. सहावी नव्हती.

पाच फळ्या कडेला कड लावून जोडायच्या, तर प्रत्येक कड दोरीसारखी सरळ हवी. त्यासाठीच रंध्याचं मशीन. पुढे एक लोखंडी टेबल, मागे एक, आणि मध्ये फिरणारा रूळ. रुळाला तीन पाती. फळी पुढच्या टेबलावरून ढकलायची, पाती तिची कड तासतात, आणि ती मागच्या टेबलावर टेकत जाते. पाती मागच्या टेबलाच्या अगदी पातळीत असली, तर कड सरळ निघते. केसभरही वर असली, तर नाही.

नवी पाती कालिंदीने आदल्या दिवशी बसवली होती. स्वतःच्या डायल गेजने मोजून.

तिने पहिल्या दोन फळ्या मशीनवरून काढल्या. कडेला कड लावून खिडकीसमोर धरल्या.

मध्ये घट्ट. शेवटी चार बोटं लांबीत उजेड दिसत होता.

तिने पुन्हा मशीनवरून घेतल्या. पुन्हा उजेड.

एक स्क्रू सैल केला, एक आवळला. पुन्हा घेतल्या. दर खेपेला फळी तेवढी अरुंद होत होती. आणखी दोन सूत, म्हणजे पाव इंच लाकूड गेलं असतं, तर जेवणाच्या टेबलाच्या मापालाच धक्का लागला असता. हे तिने आप्पांना सांगितलं नाही.

तिसरी फळी मशीनवर अर्ध्यावर होती तेव्हा लाईट गेली.

रुळाचा आवाज खाली खाली येत थांबला. गिरणीही थांबली. शेडमध्ये एकदम शांत झालं.

कालिंदीने चिडून फळी काढून घेतली.

आप्पा आत आले. त्यांनी फळी हातात घेतली, डोळ्यांजवळ धरली नाही. शेवटाला नुसता अंगठा फिरवला.

“शेपटाला खड्डा पडतोय.”

“लाकडात ताण आहे, आप्पा. फणस आहे ना.”

“पाती बघू.”

“पाती कालच बसवली. गेज लावून. मिलीमीटरच्या शंभराव्या भागाचाही फरक नाही.”

“बघू तरी. लाईट येईपर्यंत.”

त्यांनी रुळावरचं झाकण काढलं.

“मेन बंद आहे?”

“बंद आहे.”

ती गेजची डबी उघडत होती.

“खटका खाली ओढलास?”

“हो, आप्पा. बंद आहे.”

आप्पांनी सागाची एक सरळ पट्टी घेतली. मागच्या टेबलावर आडवी ठेवली, तिचं टोक रुळावर येईल अशी. मग उजव्या हाताची बोटं दोन पात्यांच्या मध्ये रुळावर टेकवली आणि रूळ हळूच फिरवला.

पहिलं पातं वर आलं. पट्टीला चाटून गेलं. पट्टी जोंधळ्याच्या दाण्याएवढी सरकली.

दुसरं पातं. तेवढीच सरकली.

तिसरं पातं… पट्टी बोटभर ओढली गेली.

त्यांनी पट्टी रुळाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. पुन्हा फिरवलं. पुन्हा तिसऱ्यालाच बोटभर.

“तिसरं वर आलंय.”

“शक्य नाही.”

“बोल्ट आवळताना पातं उचललं जातं. तू आवळायच्या आधी मोजलंस. नंतर?”

कालिंदीने गेजची डबी मिटली. नंतर मोजलं नव्हतं.

आप्पांनी आणखी एकदा फिरवून बघितलं. मग आणखी एकदा. सावकाश. पाच-सात मिनिटं त्यांचा हात पात्यांमध्येच होता.

मग ते बाजूला सरकले.

“आता तू फिरव. हाताला कळू दे किती आहे ते.”

कालिंदी वाकली. तीन नवी पाती. धार अशी की नजर टेकवली तरी कापेल. तिने बोटं रुळापर्यंत नेली.

आणि थांबली.

का थांबली ते तिला कळलं नाही. तिची नजर मशीनच्या पोटावरच्या, सुरू करायच्या हिरव्या बटणावर गेली. बटण आत दाबलेलं होतं.

लाईट गेली तेव्हा फळी मशीनवर होती. मशीन तिने बंद केलं नव्हतं. ते आपोआप थांबलं होतं.

“काय झालं?”

“काही नाही. एक मिनिट हं…”

भिंत सहा-सात पावलांवर होती. मेनचा बोर्ड रचलेल्या लाकडाच्या आड होता. ती लाकडाला वळसा घालून गेली.

खटका वर होता.

तिने तो दोन्ही हातांनी खाली ओढला. खट् असा आवाज झाला. तिचे हात तिथेच राहिले. तिने एक श्वास घेतला. दुसरा घेतला…

शेजारची गिरणी धडधडत सुरू झाली.

लाईट आली होती.

कालिंदीने लाकडाआडून मान काढली.

आप्पा मशीनवर वाकलेले होते. तिची वाट बघता बघता त्यांनी तिसरं पातं पुन्हा वर आणून ठेवायला घेतलं होतं. त्यांची चारही बोटं रुळावर होती.

मशीन गप्प होतं.

आप्पांनी गिरणीच्या भिंतीकडे पाहिलं. मग लाकडाआडून निघालेल्या तिच्या चेहऱ्याकडे. मग स्वतःच्या हाताकडे.

झोपलेल्या बाळाच्या मानेखालून काढावा तसा त्यांनी तो बाहेर काढला. मागे सरकून स्टुलावर बसले. उजवा हात मांडीवर ठेवला. डाव्या हाताने त्याची बोटं एकेक करून चाचपली. मग पुन्हा पहिल्यापासून.

सात महिन्यांत कालिंदीने हे पाहिलं नव्हतं.

“आप्पा… खटका वर होता.”

“हं.”

“मी बघितलाच नव्हता. लाईट गेलीय, आता काय बघायचं, म्हणून मी…”

“हं.”

“दोनदा विचारलंत तुम्ही.”

तिला रडू फुटलं आणि त्या रडण्यात राग होता.

“तुम्ही एवढं भिता! रोज भिता! मग जाऊन स्वतः का नाही बघितलंत?”

गिरणी चालू होती. पत्रे हादरत होते.

“तू बंद म्हणालीस,” आप्पा म्हणाले.

मग आप्पा तांब्याभर पाणी प्यायले आणि त्यांनी पाना उचलला. तिसऱ्या पात्याचे बोल्ट तिच्याकडून सैल करून घेतले. पातं खाली बसवलं. बोल्ट एकदम नाही, थोडा हा, थोडा तो, असे आवळायला लावले. प्रत्येक आवळणीनंतर पट्टी ठेवून बघितलं. तिन्ही पाती सारखी झाली, तेव्हा मागचं टेबल कागदाच्या जाडीएवढं वर घेतलं.

या सगळ्यात कालिंदी चार वेळा खटका बघून आली. आप्पांनी तिला अडवलं नाही.

दुपारी पाचही फळ्या निघाल्या. कडेला कड लावून खिडकीसमोर धरल्या. कुठेच उजेड नव्हता. आप्पांनी जोडावरून नख फिरवलं. नख अडकलं नाही.

“जमलं,” ते म्हणाले.

कालिंदीला काहीच वाटलं नाही. ती हौदावर हात धूत होती आणि लांबून आप्पांची बोटं मोजत होती. दहा. तिने पुन्हा मोजली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कारखान्यात गेली नाही.

ती एसटी स्टँडवर बाकावर बसली होती, बॅग पायाशी घेऊन. आप्पांना काय सांगायचं हे तिला सुचलं नव्हतं, म्हणून तिने काही सांगितलंच नव्हतं. गिरणी सुरू झाल्याचा आवाज तिच्या कानातून जात नव्हता. स्टँडवर गाडी मागे घेताना ड्रायव्हरने इंजिनाचा आवाज वाढवला, तेव्हा ती दचकून उभी राहिली. बाकावरची एक म्हातारी म्हणाली, “काय गं पोरी, बरं नाही का?”

“बरं आहे,” ती म्हणाली. म्हणताना तिला त्या ‘आहे’चीही भीती वाटली; कालचं ‘बंद आहे’ही असंच तोंडातून निघालं होतं.

पुण्याची गाडी लागली. लोक चढायला लागले. ती रांगेत उभी राहिली.

पायरीवर पाय ठेवताना तिला आठवलं. नव्या पात्यांवर पहिला दिवस काम झालं की बोल्ट जरा बसतात. दुसऱ्या दिवशी पाती पुन्हा तपासायची असतात. तिनेच ती बसवली होती; आज ती नाही, म्हणजे आप्पा झाकण काढणार. पट्टी ठेवणार. आणि सात महिन्यांच्या सवयीने, वर न बघता, रिकाम्या शेडला विचारणार.

“ताई, चढताय का?” कंडक्टर म्हणाला.

ती बाजूला झाली. गाडी गेली.

ती कारखान्यात पोहोचली तेव्हा अकरा वाजत आले होते. गिरणी चालू होती, म्हणजे लाईट होती. आप्पा मशीनसमोर स्टुलावर बसले होते. झाकण काढलेलं. पट्टी मांडीवर. किती वेळ बसले होते कोण जाणे. त्यांनी तिच्या खांद्यावरची बॅग पाहिली.

तिने बॅग भिंतीशी ठेवली.

आप्पा उठले. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. पट्टी मागच्या टेबलावर ठेवली.

“मेन बंद आहे?”

‘हो’ म्हणायला कालिंदीने तोंड उघडलं. मग मिटलं.

ती भिंतीकडे गेली. खटका खाली होता. काल संध्याकाळी तिनेच ओढलेला. तिने त्याला हात लावून बघितला. आणखी खाली जात नव्हता तरी ओढला. मग तिन्ही फ्यूज काढून हातात घेतले. परत आली. मशीनच्या पोटावरचं हिरवं बटण बघितलं. बाहेर होतं. तरी बंद करायचं लाल बटण दाबलं. पुन्हा भिंतीकडे गेली. पुन्हा बघितलं. परत आली.

आप्पा तसेच उभे होते. हात रुळाच्या वर, चार बोटं हवेत.

“आप्पा, तुम्ही एकदा या ना. तुमच्या डोळ्यांनी बघा.”

ते हलले नाहीत.

“बरं, हे तरी बघा,” ती म्हणाली. तिने मूठ उघडून पुढे केली. तळहातावर तीन फ्यूज होते. तळहात घामाने ओला होता. “हे बघा, आप्पा.”

आप्पांनी मान वळवली नाही. त्यांच्या बोटांखाली नवी पाती चमकत होती.

“दाखवू नकोस,” ते म्हणाले. “सांग.”