पट्टीतून आलेला मिस्ड कॉल

ते दिवस बटणांच्या फोनचे होते. घरी सुखरूप पोचलं की एक मिस्ड कॉल द्यायचा, एवढाच रिवाज.

तेव्हा चिपळूणच्या आमच्या महिला मंडळात एक कोटवाले साहेब आले. "फोनच्या लहरींनी शरीरातल्या पेशी भाजून निघतात," ते गरजले. "ही सोनेरी पट्टी फोनला चिकटवा, एकही लहर आरपार जाणार नाही."

गरोदर रेवती तर रडायलाच लागली. बायकांनी पर्सा उघडल्या.

कुमुदताईंनी मात्र आधी आपल्या फोनला पट्टी लावून घेतली आणि मागे बसलेल्या जावेला खूण केली. दोघींचे रोज खटके उडत, पण खूण बरोबर कळली. फोन खणखणला.

"लहर आली की, साहेब."

साहेब अडखळले. "ती चांगली लहर. पट्टी फक्त वाईट लहरी अडवते."

कुमुदताई मागे वळल्या. "ऐकलंत का जाऊबाई? इतक्या वर्षांत मला जमलं नाही, ते या पट्टीनं केलं. तुम्हाला चांगलं ठरवलं."

रेवतीसुद्धा डोळे पुसत हसली. साहेबांनी पट्ट्या आवरल्या.

आता फोनवर दिवसभर बोलता येतं. तरी घरी पोचल्यावर कुमुदताई अजून एक मिस्ड कॉल देतात. जाऊबाईंना.