झुंबरचा घण

"मग झुंबरला आता घरी बसवू ना, वस्ताद?"

हिरामणने हे विचारलं, तेव्हा शेडमध्ये नवा पॉवर हॅमर बसून जेमतेम तास झाला होता. करमाळ्याच्या रस्त्यावरची ही पत्र्याची शेड गेनू वस्तादांची. आज ते आपली सांडशी खाली ठेवणार होते. ती ज्याच्या हाती देतील, त्याची भट्टी. हिरामणने बावीस वर्षं याच दिवसाची वाट पाहिली होती. त्याची बायको झुंबर तितकीच वर्षं त्याच्यासमोर घण घालत आली होती.

"का बसवायचं?"

"घण मशीन घालणार. तिचे खांदेही गेलेत आता. जोराचं काम संपलं. डोक्याचं मी करतोच आहे."

घिसाडी लोहारांत बाई उभी राहून घण घालते, पुरुष बसून सांडशीने लोखंड फिरवतो. बाजारात येणारा प्रत्येकजण हे डोळ्यांनी बघतो. आणि कारागीर कोण म्हणून विचारलं, तर बेधडक बसलेल्याकडे बोट दाखवतो.

वस्तादांनी तंबाखू मळत विचारलं, "बाप्या बाईपेक्षा मोठा, तो कशानं रे?"

"अंगात जोर असतो म्हणून."

"आणि घण कुणाच्या हातात?"

"अहो, पण इथं... इथं जोराला कोण विचारतं? इथं पारखी नजर लागते."

"अस्सं... जोर आपला असला की जोर मोठा. तिचा निघाला की नजर मोठी. बरं जमवलंस लेका!"

कोपऱ्यात पाणी पिणाऱ्या झुंबरला ठसका लागला.

"बस," वस्ताद म्हणाले. "एक विळा करून दाखव."

हिरामण ऐटीत बसला. लाल लोखंड धरलं, पायडल दाबलं. मशीन धाडधाड सुरू झालं.

पहिला विळा पापडासारखा पसरला. दुसऱ्याला तडा गेला. तिसऱ्याचं टोक उडून पत्र्यावर आदळलं.

"मशीनच भिकार आहे!"

"तू फिरवतोस, ते मारतं. बावीस वर्षं असंच चाललं होतं ना?"

हिरामणने पायडलवरचा पाय काढला.

लोखंड निवलं, आता थांब, असं त्याने झुंबरला एकदाही सांगितलं नव्हतं. इथं हलकं घाल, असंही नाही. सांगावंच लागलं नव्हतं...

वस्तादांनी सांडशी तिच्यापुढे धरली.

"मी? मी कधी बसले नाही हो वस्ताद."

"आज बस, पोरी."

पहिल्यांदा सांडशी निसटली, लोखंड जमिनीवर पडलं. हिरामण पुढे झाला. वस्तादांनी त्याला हातानेच अडवलं.

तिने पुन्हा धरलं. पाय पायडलवर आला. जोरात. मग हलकं. धारेजवळ नुसतं टेकवल्यासारखं. मग पाय उचलला, रंग पाहिला, लोखंड परत भट्टीत सारलं.

विळा झाला. हिरामणने तो गार झाल्यावर उचलला. धारेवरून अंगठा फिरवला. हाच तो विळा. बाजारात बायाबापड्या हिरामणचं नाव घेऊन मागायच्या, तोच.

त्याचे कान तापले. पण विळा इतका देखणा उतरला होता की तो हातातून खाली ठेववेना. बघता बघता त्याला हसू फुटलं.

"झकास झालाय गं," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," झुंबर म्हणाली. तिने दुसरं लोखंड भट्टीत घातलंही होतं.

"वस्ताद... मग मी काय शिकू?"

वस्तादांनी तिच्या शेजारी गोणपाट अंथरलं.

"बस इथं. ठोके बहिऱ्यालाही कळतात. ती थांबते, ते ऐक."